माउंटन बाइकची रिम : रुंदी आणि टायरशी मेळ

माउंटन बाइकला केवढी रुंद रिम हवी, हे नुसती रिम बघून ठरत नाही. तिच्यावर कोणता टायर चढणार आहे यावरून ठरते. इथे रुंदी म्हणजे आतली रुंदी : टायरचे दोन्ही काठ ज्या दोन भिंतींना आतून टेकून बसतात, त्या भिंतींमधले मिलिमीटरमधले अंतर. बाहेरची रुंदी याहून काही मिलिमीटर जास्त भरते आणि टायरच्या वागणुकीशी तिचा फारसा संबंध नसतो. खरेदीत घोळ होतो तो इथेच. फ्रान्सच्या माविक कंपनीने ५१७, ५२१, ७२९ या रिमच्या नावांतले शेवटचे दोन आकडे आतल्या रुंदीवरून ठेवले होते. २०१४ च्या सुमारास आलेल्या आयबिस या सायकल कंपनीच्या ७४१ या कार्बन रिमच्या नावातले ४१ मात्र बाहेरचे, आत ती ३५ च.

टायर आणि रिमवरचे आकडे ‘आयएसओ ५७७५’ या मानकाप्रमाणे छापतात. टायरवर ६१-६२२ असे असेल तर टायर ६१ मिमी, म्हणजे २.४ इंच रुंद आणि रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिमी. रिमवर तेच ६२२×३० असे दिसते; त्यातले ३० म्हणजे आतली रुंदी. ६२२ हे बोलीतले ‘एकोणतीस इंची’ चाक, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस आणि ५५९ म्हणजे जुने सव्वीस. व्यास तंतोतंत जुळावा लागतो, तिथे तडजोड नाही. रुंदीत मात्र बरीच मोकळीक असते, म्हणूनच निवडीचा प्रश्न येतो.

हवा भरली की टायर गोल व्हायला बघतो, पण त्याचे दोन्ही काठ रिमने धरलेले असतात. रिम अरुंद असेल तर काठ जवळ ओढले जातात आणि टायरचा छेद विजेच्या बल्बसारखा होतो : वर फुगीर, खाली मान बारीक. सरळ चालताना यात काही बिघडत नाही. वळणावर सायकल कलली की भार बाजूने येतो, ती बारीक मान वाकते आणि टायर रिमवर आडवा लोळू लागतो. स्वार घाबरून हवा वाढवतो, टायर कडक होतो आणि खडीवर पकड जाते. ट्यूबलेस टायर असेल तर अशा वेळी काठ क्षणभर सुटून हवा फुस्स निघून जाते. रिम रुंद असली की टायरच्या बाजूच्या भिंती जास्त उभ्या राहतात, टायरला खालून आधार मिळतो आणि हवा कमी ठेवूनही तो लोळत नाही. रुंद रिमचा खरा फायदा हा. टायरही थोडा रुंदावतो : रिम १ मिमी वाढली तर टायर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमीच वाढतो, म्हणजे २५ वरून ३० वर गेल्यास जेमतेम २ मिमी. ‘रुंद रिमवर टायर मोठा होतो’ हे खरे, पण त्यासाठी पैसे घालावेत एवढे नाही.

प्रमाणाबाहेर रुंद रिमचे दुखणे वेगळे. टायरचा माथा सपाट होतो आणि वळणासाठी राखून ठेवलेले कडेचे रबरी ठोकळे सरळ चालतानाही जमिनीला लागतात. चाक जड ओढते. सायकल कलताना पकड हळूहळू बदलत नाही. धरते धरते आणि एकदम सोडते. शिवाय टायरचे फुगलेले पोट एरवी रिमच्या कडांना झाकत असते, ते आवरण जाते. मग दगडाचा मार टायरच्या पातळ भिंतीवर किंवा थेट रिमवर बसतो. सह्याद्रीतल्या धारदार काळ्या कातळावर हे लवकर कळते.

या दोन टोकांमध्ये एक ढोबळ अंदाज बरा चालतो : आतली रुंदी टायरच्या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास. २.४ इंची टायरला ३० मिमी रिम या हिशेबात चपखल बसते. क्रॉस-कंट्रीचे (चढ-उतारांच्या लांब शर्यतीचे) २.२ ते २.४ इंची टायर २५ ते ३० वर, तर ट्रेल आणि एंड्युरोचे (खडबडीत डोंगरवाटा आणि अवघड उतारांचे) २.३ ते २.५ इंची टायर २८ ते ३० वर नीट बसतात. ३ इंची ‘प्लस’ टायरला ४० च्या आसपासची रिम लागते. वाळू-बर्फावरच्या फॅट बाइकला हा हिशेब लागू नाही. तिथल्या ४-५ इंची टायरखाली बाहेरून ६५ ते १०० मिमी भरणाऱ्या रिम असतात. टायरची घडणही बघावी लागते. मॅक्सिस या टायर कंपनीने ‘डब्ल्यूटी’ (वाइड ट्रेल) असा शिक्का मारलेले टायर ३० ते ३५ मिमीच्या रिमसाठी आखले. तोच टायर जुन्या अरुंद रिमवर चढवला तर माथा जास्तच गोल होतो.

रुंदीची गोष्ट हवेपासून वेगळी करता येत नाही. टायरच्या रबरातल्या कापडावरचा ताण हा हवेचा दाब आणि टायरच्या छेदाची त्रिज्या यांचा गुणाकार असतो. म्हणून जाड टायर कमी हवेतही ताठ लागतो, आणि नवी रुंद रिम घेऊन जुन्या सवयीने ४० पीएसआय हवा भरणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही. साधारण वजनाच्या स्वाराला ३० मिमी रिमवरच्या २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये २० ते २५ पीएसआय पुरते. आत ट्यूब असेल तर थोडी जास्त हवा ठेवावी, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून एका वेळी दोन भोके पडतात.

इतिहास मजेशीर आहे, कारण सुरुवात रुंद रिमनेच झाली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत फेअरफॅक्सजवळच्या डोंगरउतारावर ‘रिपॅक’ शर्यती सुरू झाल्या, तेव्हा धावल्या त्या जाडजूड टायरांच्या आणि रुंद पोलादी रिमच्या जुन्या सायकली. त्या फार जड, म्हणून १९८० च्या दशकात वजन घटवण्याचे वेड आले. सायकली घडवणारे कीथ बाँट्रेगर यांनी तर रस्त्याच्या सायकलीच्या माविक रिम कापून, पुन्हा वळवून २६ इंची केल्या. १९९० च्या दशकात १७ मिमी रिमवर दोन इंचांहून जाड टायर हे नेहमीचेच झाले. निम्म्याच्या हिशेबात ही रिम फारच अरुंद. रिमला घासणारे ब्रेक असेपर्यंत रिम फार रुंद करण्यात अडचणही होती, कारण ब्रेकच्या दोन भुजांमध्ये ती मावायला हवी. डिस्क ब्रेक आले आणि ते बंधन सुटले. १९९९ मध्ये माविकने हचिन्सन आणि मिशलँ या टायर कंपन्यांसह ‘यूएसटी’ ट्यूबलेस पद्धत आणली. ट्यूब गेल्यावर कमी हवेची वाट मोकळी झाली. २००५ मध्ये सर्ली या अमेरिकी कंपनीची पग्जली ही फॅट बाइक बाहेरून ६५ मिमी भरणारी रिम घेऊन आली. पुढच्या दशकाच्या मध्यावर ३५-४० मिमी रिमची लाट उसळली आणि ओसरून ३० च्या आसपास स्थिरावली. काही निर्माते पुढची रिम मागच्याहून दोन-एक मिलिमीटर रुंद ठेवतात : पुढे वळणाची पकड हवी, मागे दगडाचा मार जास्त.

आपल्याकडे ‘माउंटन बाइक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सायकली डांबरावरच आयुष्य काढतात. तिथे २.१ इंची टायर आणि १९-२० मिमीची रिम यात काहीच चुकत नाही. तीच सायकल घाटवाटेवर न्यायची झाली तरी चाके बदलण्याआधी रिम मोजावी. लेबल पुसले असेल तर टायर उतरवून दोन भिंतींमध्ये व्हर्नियर कॅलिपर घालावा. बाहेरून मोजून दोन्ही भिंतींची जाडी वजा करण्यात चूक हमखास होते. आत २० मिमी भरले तर २.४ चा टायर न घेता २.१ किंवा २.२ वर थांबावे.