जॅमरूम (ठाणे–नवी मुंबई)

जॅमरूम : रॉक व मेटल बँडना तासांच्या भाड्याने मिळणारी सरावाची खोली, जॅमपॅड. ड्रमसेट, गिटार व बेसचे अँप (आवाज वाढवून ऐकवणाऱ्या पेट्या), मिक्सर आणि गायकाचे स्पीकर खोलीचे असतात. गिटार, केबल, डबल पेडल (बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवण्याचे) व ड्रमच्या काठ्या बँडने आणायच्या.

या प्रथेच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. एका मताने ती मुंबईतल्या धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहाशी जोडली जाते. 1986 साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तेथे भरत असे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा 100 मीटरांचा परिसर शांतता क्षेत्रात धरला जाऊ लागला, त्यात येणाऱ्या रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले आणि बँड बंद खोल्यांत गेले, असा हा युक्तिवाद. दुसरे मत स्वतःच्या रचना वाजवण्याच्या आग्रहावर भर देते : गाजलेले गाणे प्रत्येकाला घरी बसवता येते, नवे गाणे मात्र चौघांनी एकत्र वाजवल्याशिवाय उभे राहत नाही. डेमॉनिक रेझरेक्शन (2000) आणि भयानक मौत (2003) हे मुंबईचे बँड याच सुमाराचे. दुसरे मत अधिक पटणारे आहे. रंगभवन हा मंच होता, सरावाची जागा नव्हे. 2004 मध्ये ठाणे–वाशी लोकल सुरू झाल्याने ठाण्याचा ड्रमर व नेरुळचा बासिस्ट (बेस गिटारवादक) यांना रबाळे-घणसोलीत भेटणे सोपे झाले, हेही लक्षात घ्यावे.

औद्योगिक वसाहतीतला गाळा (वागळे इस्टेट, रबाळे, महापे) सोसायटीतल्या खोलीपेक्षा सोयीचा का, हे आकड्यांवरून कळते. दिवसाची आवाजाची मर्यादा निवासी भागात 55, तर औद्योगिक भागात 75 डेसिबल. खासगी ध्वनियंत्रणेला हद्दीवर आणखी 5 ची सवलत. खोलीत ड्रमचा आवाज 105 धरला, तर सोसायटीत 45 डेसिबल अडवावे लागतात, गाळ्यात 25. रात्री 10 नंतर दोन्हीकडची मर्यादा उतरते.

आवाज अडवणे आणि खोलीतला घुमारा कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. अंड्यांचे ट्रे व फोम फक्त वरच्या पट्टीचा घुमारा थोडा शोषतात. शेजाऱ्याला काही फरक पडत नाही. अडवायला वजन, हवाबंदपणा आणि मूळ भिंतीपासून फारकत लागते : स्वतंत्र फ्रेम, तीत 50 मिमी ग्लासवूल (काचतंतूंचा थर), वर 12.5 मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येतील असे. एवढे करूनही दाराखालची फट किंवा एसीच्या पाइपाचे भोक उघडे राहिले तर खर्च वाया जातो. पत्र्याचे छप्पर सर्वांत वाईट. आतला आवाज बाहेर, पावसाचा आत. बास ड्रमचा धक्का जमिनीतून पसरतो, म्हणून ड्रमसेट 18 मिमी प्लायवूडच्या दोन थरांवर, मध्ये टेनिसचे चेंडू घालून ठेवतात.

चौरस खोली टाळावी. 3.4 मीटर लांबीला सुमारे 50 हर्ट्झचा सूर घुमतो. बेसच्या सर्वांत जाड तारेवरचा, तिसऱ्या फ्रेटचा (दांड्यावरच्या पट्टीचा) जी हा सूर (49 हर्ट्झ) नेमका तिथेच पडतो. तो एकच सूर गडगडतो आणि बासिस्टला उगाच हात आखडता घ्यावा लागतो. लांबी-रुंदीही सारखी असेल तर हा दोष दुप्पट जाणवतो. कोपऱ्यांत जाड ग्लासवूलचे ठोकळे उभे केल्यास तो कमी होतो.

गायकाचा आवाज बुडतो तो बहुधा गिटारमुळे. अँप घोट्याशी असल्याने वादकाला स्वतःचेच ऐकू येत नाही आणि तो आवाज वाढवतो. अँप खुर्चीवर चढवून कानाकडे तिरपा केला की वाढवण्याचे कारण उरत नाही. कार्डिऑइड (समोरचा आवाज घेणाऱ्या, मागचा टाळणाऱ्या) माइकच्या बरोबर पाठीमागे मॉनिटर, म्हणजे गायकाला ऐकवणारा स्पीकर, ठेवल्यास माइकची शिट्टी कमी होते. अँपमधून येणाऱ्या घुमघुमीसाठी सगळी उपकरणे एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्यावीत. प्लगची अर्थपिन काढण्याचा उपाय अजूनही दिसतो, त्यात बिघाड झाल्यास गिटारच्या तारा व माइक यांच्यामधून गाणाऱ्या गिटारवादकालाच शॉक बसतो. पावसाळ्यात ग्लासवूल ओलावते, तारा गंजतात. रोज काही वेळ एसी चालू ठेवणे आणि गिटारच्या पेटीत ओलावा शोषणारे सिलिका जेल टाकणे एवढेच हाती असते.