‘गति’तला म् कुठे गेला? : नामप्रत्ययांच्या पुनर्रचनेची पार्श्वभूमी

‘गम्’ धातूला क्तिन् (धातूपासून नाम करणारा ‘ति’ प्रत्यय) लावला की ‘गति’ होते आणि मधला म् गळतो. ‘मन्’पासून ‘मति’ होताना न् गळतो. पाणिनीने हा लोप ६.४.३७ या सूत्रात सांगितला. रूप सिद्ध करायला तेवढे पुरते. पण अनुनासिक गळावेच का, याचे उत्तर एकट्या संस्कृतात सापडणारे नव्हते.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉपने १८१६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या) क्रियारूपांची तुलना छापली. त्या पिढीची एक चूक पुढे बराच काळ नडली : संस्कृतचा ‘अ’ मूळचा, ग्रीकचे ए-ओ नंतरचे, असे धरले गेले. १८७०च्या दशकात उलगडले की या सगळ्या भाषांच्या समाईक मूळ भाषेतले ए, ओ आणि अ संस्कृतात एकाच ‘अ’मध्ये मिसळले आहेत. म्हणून लॅटिन ‘क्वे’ (‘आणि’) जिथे आहे तिथे संस्कृतात ‘च’ दिसतो. जुन्या ए-च्या आधीचे कंठ्य व्यंजन तालव्य झाले (क्-चा च्) आणि मग तो ए स्वतः अ झाला. प्रत्ययाचा स्वर ठरवायचा तर ग्रीककडे पाहावेच लागते, ते यामुळे.

१८७६ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ कार्ल ब्रुगमनने ‘मति’चा हिशेब लावला. ऋग्वेदात हा शब्द अंतोदात्त आहे, म्हणजे आघात (उदात्त) शेवटच्या अक्षरावर आहे. आघात प्रत्ययावर गेला की धातूचा स्वर लोपतो, उरते *म्न्-ति (तारा म्हणजे लेखी पुरावा नसलेले, पुनर्रचित रूप). दोन व्यंजनांमध्ये अडकलेला न् मग ऋसारखा स्वतःच अक्षर पेलतो. त्याचा संस्कृतात व ग्रीकमध्ये ‘अ’ होतो, लॅटिनमध्ये ‘एन्’ : म्हणून ‘मति’शेजारी लॅटिन षष्ठी ‘मेन्तिस्’, आणि ‘गति’शेजारी ग्रीक ‘बासिस’. म्हणजे म् किंवा न् गळलेला नाही. त्याचाच अ झाला आहे.

कर्तृवाचक (कृती करणारा दाखवणाऱ्या) प्रत्ययात गुंता जास्त. पाणिनी ‘तृ’ एकच मानत नाही, तृच् आणि तृन् असे दोन मानतो. च् ही खूण अंत्य अक्षरावर उदात्त आणते, न् ही आद्य अक्षरावर. तृन्नंत (तृन् लागलेला) शब्द कर्म द्वितीयेत घेतो (‘कर्ता कटान्’), तृजन्त (तृच् लागलेला) षष्ठीत (‘पुरां भेत्ता’). ग्रीकमध्ये हीच जोडी ‘डोतोर’ आणि ‘डोतेर’ अशी आहे, दोन्हींचा अर्थ दाता. पहिल्यात आघात धातूवर आणि प्रत्ययात ओ, दुसऱ्यात आघात प्रत्ययावर आणि तिथे ए. संस्कृतने आघात राखला पण स्वर सपाट केले, दोन्हीकडे ‘दातारम्’च. ‘पितरम्’मधला ऱ्हस्व अ मात्र जुन्या ए-चा, तो टिकला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनवेनिस्तने १९४८ मध्ये या जोडीवर अर्थभेद बसवला : धातूवर आघात असेल तर ती कृती केलेला, प्रत्ययावर असेल तर ते काम ज्याचे आहे तो. पाणिनी मात्र स्वभावाचा अर्थ (‘तच्छील’) तृन्‌कडे देतो, म्हणजे जवळजवळ उलट. इथे पाणिनीला सहजी बाजूला सारू नये.

साधनवाचक ‘त्र’ त्या मानाने सोपा : नेत्र, शस्त्र, योक्त्र (आपले ‘जोत’ त्यातलेच). अडचण एवढीच की र-ल संस्कृतात मिसळले. ‘पात्र’ला लॅटिन ‘पोकुलुम’ (प्याला) जुळतो, तो *-त्लो-पासूनचा. एकट्या ‘पात्र’वरून ते कळले नसते.

‘यकृत्’ची षष्ठी ‘यक्नः’. पाणिनीने ६.१.६३ मध्ये यकन्, शकन्, उदन् हे आदेश (मूळ शब्दाच्या जागी येणारी रूपे) यादीनेच दिले, कारण नियम करण्याइतकी उदाहरणे उरली नव्हती. लॅटिनमध्ये ‘येकुर, येकिनोरिस’, म्हणजे प्रथमेत र, इतरत्र न. हे अपवाद नसून एक जुना प्रत्ययप्रकार आहे, याला वजन आले ते १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझनीने हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन) भाषा उलगडल्यावर. तिथे पाणी ‘वातर’, षष्ठी ‘वितेनस’. शिवाय हित्तीत हा प्रकार जिवंत होता : भाववाचक नामे सर्रास -आतर लावून होत आणि षष्ठीत -अन्नस घेत.