टकळी आणि चाती: पोरांच्या हातात आधी काय द्यावं?

सूतगिरणीची क्षमता 'इतक्या हजार चात्या' अशी सांगतात, आणि शाळेत सूतकताईचा विषय निघाला की त्याच चात्यांना कुणी टकळ्या म्हणतं. दोन्हींवर सुताला पीळ बसतो नि तेच सूत गुंडाळलंही जातं, म्हणून हा घोटाळा.

चाती म्हणजे चरख्याची टोकदार पोलादी सळई. ती आडवी असते आणि चाकावरून आलेली माळ, म्हणजे दोरी, तिला फिरवते. चाकाच्या एका फेऱ्यात तिचे कितीतरी फेरे होतात, त्यामुळे ती जराशी वाकली तरी थरथरते नि धागा तुटतो. मुलांनी घरी करायची ही वस्तू नाही.

टकळीला चाक नाही. उभी काडी, खाली चकती, वरच्या टोकाला धागा अडकवायला खाच. गिरकी बोटांनी द्यायची. चकतीचं वजन ती टिकवून धरतं. ही मात्र पाचवी-सहावीतलं पोर करू शकतं. वीतभर बांबूची कामटी तासून गोल करायची नि चकतीत बसवायची, एवढंच.

आमच्या पोरांनी आधी रानातल्या काळ्या मातीच्या चकत्या केल्या. वाळताना त्या तडकल्या आणि दोघीजणी रडवेल्या झाल्या. उन्हाळ्यात भेगाळलेलं रान त्यांनी दरवर्षी पाहिलं होतं. तीच माती चकतीतही आकसते, हे त्या दिवशी कळलं. मग करवंटी घासून चकत्या केल्या. भोक जरा बाजूला पडलं की टकळी डुगडुगते. कुणी रागवावं लागत नाही, पोर आपणहून मध्य शोधायला बसतं: कागदाचं वर्तुळ दोनदा दुमडायचं, घड्या छेदतात तिथं भोक. माझ्या मते शिकणं आहे ते इथं, सूत नंतर.

धनगर मेंढरांमागं चालता चालता टकळी अधांतरी सोडून लोकर कातत. लोकरीचा तंतू लांब, त्याला ते झेपतं. आपल्याकडच्या कापसाचा तंतू जेमतेम तीन सेंटिमीटर. टकळी लोंबली की सूत तुटतं. म्हणून तिचं खालचं टोक वाटीत टेकवून फिरवावं.

टकळीवर हातभर सूत निघालं की थांबून, खाचेतून सोडवून ते गुंडाळावं लागतं. चातीला खाच नसते. धागा तिरका धरला की टोकावरून निसटत पीळ बसतो, काटकोनात धरला की गुंडाळला जातो. टकळीवर बोटांना पीळ ओळखता आलेलं पोर चरख्यापाशी बसलं, की हा फरक त्याला दोन-चार धागे तुटल्यावर सापडतो.

वेचणीतला मूठभर कापूस घरात ठेवा. सरकी मुलांनाच काढू द्या.