माणूस हरवल्याची तक्रार: कागद कोणते, पोलीस काय शोधतात आणि घोडं कुठे अडतं

तक्रार द्यायला २४ तास उलटावे लागतात, असा नियम कोणत्याही कायद्यात नाही. तरीही ठाणे अंमलदारासमोर "उद्यापर्यंत वाट बघा, पाहुण्यांकडे फोन करून बघा" असं ऐकून माणसं गपचूप घरी परततात. पाहुण्यांना फोन जरूर करा, पण ठाण्याच्या बाहेर उभं राहून करा. नोंद झाल्याशिवाय निघू नका.

नोंद दोन प्रकारची असते आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर थेट गुन्हा दाखल व्हायला हवा. बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी हे स्पष्ट केलं: मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून एफआयआर नोंदवायचा. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली नोंदला जायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२) लागतं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जायला हवा. हा चार महिन्यांचा हिशेब तुम्हीच ठेवा, कारण फाइल आपणहून क्वचितच हलते.

यातली खरी अडचण सतरा वर्षांच्या मुलींची. घरचे आधार कार्ड पुढे करतात, त्यावरची जन्मतारीख अंदाजे टाकलेली असते, आणि मुलगी कागदावर सज्ञान ठरते. एफआयआरऐवजी साधी मिसिंग नोंद होते. वय ठरवायला बाल न्याय कायद्याचं कलम ९४ शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहतं. तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधार त्या यादीत नाही. शाळा सोडल्याचा दाखला घरात नसेल तर शाळेतून बोनाफाईड आणा. मात्र दाखला हातात येईपर्यंत तक्रार थांबवू नका. "वयाचा पुरावा आणा, मग घेतो" हे चालत नाही. आधी नोंद, दाखला मागाहून.

सज्ञान माणसाची नोंद 'मनुष्य मिसिंग' रजिस्टरला होते. तो गुन्हा नसतो, कारण सज्ञान माणसाने घर सोडणं हा गुन्हा नाही. त्यामुळे पोलीस जे करतात ती चौकशी असते, गुन्ह्याचा तपास नव्हे. झडती, अटक, रिमांड हे सगळं गुन्हा दाखल झाल्यावर येतं. म्हणून संशय असेल तर तो तक्रारीतच लिहा, आणि घटनेसकट लिहा: अमुक तारखेला अमुक माणसाने पैशासाठी धमकी दिली, तो फोन सुरू असताना घरात कोण होतं, त्यानंतर ती व्यक्ती कशी वागत होती. "आमचा अमक्यावर संशय आहे" एवढ्या एका ओळीतून काही निघत नाही. आणि जुना भावकीचा वाद या निमित्ताने उकरून काढू नका. खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, शिवाय पोलिसांचे पहिले महत्त्वाचे दिवस त्या चुकीच्या माणसामागे जातात.

हद्दीचा घोळ जुनाच आहे. माणूस राहतो एकीकडे, कामाला दुसरीकडे, शेवटचा दिसला तिसरीकडे. सहसा जिथून बेपत्ता झाला तिथलं ठाणं नोंद घेतं. गुन्ह्याची बाब असेल, म्हणजे मूल असेल किंवा अपहरणाचा संशय असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याने हद्द न पाहता ती घ्यायची आणि पुढे वर्ग करायची. यालाच शून्य क्रमांकाचा एफआयआर म्हणतात. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हटलं की हाच शब्द वापरा. आणखी एक फसगत: पोलिसांच्या संकेतस्थळावरची 'लॉस्ट अँड फाउंड' सेवा हरवलेल्या वस्तू आणि कागदपत्रांसाठी आहे. तिथे माणसाचं नाव भरून पावती काढलेली मंडळी मी पाहिली आहेत. त्या पावतीवर कोणीही शोध घेत नाही.

बरोबर न्यायचे कागद थोडेच: तुमचं ओळखपत्र, हरवलेल्या व्यक्तीचं ओळखपत्र, अलीकडचा फोटो, मोबाइल नंबर. नात्याचा पुरावा सक्तीचा नाही. शेजारी, घरमालक किंवा कामाच्या ठिकाणचा माणूसही तक्रार देऊ शकतो.

फोटोवर मात्र थांबतो. लोक लग्नातला फोटो देतात: फेटा, गॉगल, चेहऱ्यावर फ्लॅश. नाहीतर आधारवरचा, दहा वर्षांपूर्वीचा. तो शोधपत्रिकेत छापून येतो, दुसऱ्या जिल्ह्यातला हवालदार बघतो आणि समोर बसलेला माणूस तोच आहे हे त्याला ओळखू येत नाही. साधा, समोरून काढलेला, रोजच्या कपड्यातला फोटो द्या. दाढी ठेवत असेल तर दाढीसकट, चष्मा असेल तर चष्म्यासकट.

वर्णनाचंही तसंच. "रंग सावळा, बांधा मध्यम, नाक सरळ, उंची ५ फूट ४ इंच, अंगात निळा शर्ट." या वर्णनात अर्धा जिल्हा बसतो. गोंदण कुठे आणि काय, ऑपरेशनची खूण, पडलेला किंवा बसवलेला दात, जळल्याचा डाग, मोडून वाकडं जुळलेलं बोट, पायात कुठली चप्पल, हे लिहा. अंमलदार छापील रकाने भरत असेल तर वेगळ्या कागदावर लिहून जोडा. विस्मरण, फिट्स, नैराश्य किंवा चालू असलेली गोळी, हेही. घरचे हे लाजेपोटी लपवतात आणि पोलीस दवाखाने सोडून मित्रांच्या घरी चकरा मारत बसतात.

आता पोलीस काय शोधतात ते बघू. पहिली गोष्ट सीडीआर, म्हणजे कोणाला, कधी, किती वेळ फोन झाला आणि तेव्हा फोन कुठल्या टॉवरखाली होता याचा तक्ता. त्यात बोलणं नसतं आणि व्हॉट्सअॅप कॉलही दिसत नाहीत. फोन बंद झाला तरी शेवटचा टॉवर कळतो. पण टॉवर म्हणजे पत्ता नव्हे. शहरात तो एखाद-दोन गल्ल्यांपर्यंत नेतो, गावाकडे एका टॉवरखाली कित्येक किलोमीटरचा शिवार येतो. सीडीआर मागवायची परवानगी पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांच्या पातळीवरून जाते. म्हणून "मागवलंय" हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. पत्र गेलं का, कोणत्या तारखेला, हे तपासी अंमलदाराला नम्रपणे विचारा. खासगी गुप्तहेर "दोन दिवसांत सीडीआर काढून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका. अशीच चोरट्या मार्गाने सीडीआर विकणारी टोळी ठाणे शहर पोलिसांनी २०१८ मध्ये पकडली होती, त्यात गुप्तहेरही होते.

आणि इथेच घरचे सगळ्यात मोठं नुकसान करून बसतात. फोन लागत नाही म्हणून कोणीतरी दुकानात जाऊन त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढतं, मेसेज बघता येतील म्हणून. डुप्लिकेट सुरू झालं की मूळ सिम मरतं आणि त्या माणसापर्यंत जाणारा धागाही. पोलिसांना विचारल्याशिवाय सिम बदलू नका, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोन ब्लॉक करू नका, रिचार्ज संपू देऊ नका. फोनचा खोका किंवा बिल शोधून आयएमईआय क्रमांक द्या. सिम फेकून दुसरं टाकलं तरी हँडसेट त्या क्रमांकावरून सापडू शकतो. लॅपटॉपवर जीमेल किंवा व्हॉट्सअॅप उघडं असेल तर लॉगआउट न करता तो तसाच ठेवून पोलिसांना कळवा.

दुसरी गोष्ट सीसीटीव्ही, आणि इथे खरी घाई आहे. दुकानाच्या किंवा सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, काही दिवसांचंच चित्रण मावतं. जागा संपली की जुन्यावर नवं चढतं. कुठे पंधरा दिवस, कुठे आठवडाही नाही. घर ते स्टॉप या वाटेवर कुठे कुठे कॅमेरे आहेत त्याची यादी त्याच दिवशी करून अर्जाला जोडा आणि दुकानदाराला चित्रण पुसू न देण्याची विनंती करा. डीव्हीआरचं घड्याळ कितीने पुढे-मागे आहे तेही टिपून ठेवा. वीस मिनिटांच्या फरकाने माणूस चुकीच्या बसमध्ये बसलेला दिसतो. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढला तर शोधाला तो उपयोगी पडतो, कोर्टात मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते काम पोलिसांचं. तुम्ही फक्त चित्रण जिवंत राहील एवढं बघा.

पैशाचा माग तिसरा: एटीएम, यूपीआय, फास्टॅग. खातं संयुक्त असेल तर तुम्हीच स्टेटमेंट काढून देऊ शकता, बँकेच्या उत्तराची वाट बघायला नको. रेल्वेचं आरक्षण असेल तर नाव सापडतं. एसटीच्या साध्या तिकिटावर आणि जनरलच्या डब्यात नावच नसतं, म्हणून तिथे पुन्हा स्टँडचा कॅमेराच बघावा लागतो.

आधारवरून ठावठिकाणा कळेल, ही आशा सोडा. बोटांचे ठसे आणि बुबुळांची माहिती पोलिसांना शोधासाठी द्यायला आधार कायदाच मनाई करतो. उलट्या दिशेने मात्र काम होतं: अनाथ म्हणून वाढलेल्या मुलाची आधार नोंदणी करताना ठसे आधीच नोंदलेले निघतात आणि ओळख पटते. नागपुरात वाढलेला एक मुलगा २०२१ मध्ये असाच कित्येक वर्षांनंतर घरी पोहोचला.

हरवलेल्याची खोली आवरू नका. कंगवा, टूथब्रश, न धुतलेला शर्ट कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. ऐकायला वाईट वाटतं, पण पुढे डीएनए जुळवायची वेळ आली तर हेच लागतं. आईवडिलांचं किंवा मुलांचं रक्तही त्यासाठी घेतात. अनोळखी मृतदेहाची नोंद अकस्मात मृत्यू म्हणून वेगळ्या रजिस्टरला होते, आणि तुमचं मिसिंग रजिस्टर व ते रजिस्टर वेगवेगळ्या ठाण्यांत असली की कोणीतरी मुद्दाम जुळवून बघितल्याशिवाय जुळत नाहीत. शेजारच्या जिल्ह्यांत आणि लोहमार्ग पोलिसांकडे फोटो पोहोचला का, हे विचारायला संकोचू नका. रुळांवरच्या घटना शहर पोलिसांकडे नसतात.

मनोरुग्ण व्यक्ती हरवली असेल तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत चौकशी करा. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाची नोंद करून घरचे शोधणं हे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे. डॉ. भरत वाटवानी यांची कर्जतची श्रद्धा संस्थाही अशा माणसांना बरं करून घरी पोहोचवते. याच कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बिहारमधून निघालेला माणूस रायगडात सापडू शकतो आणि आपला तिकडे.

ठाण्यातून निघताना मिसिंग रजिस्टर नंबर, तारीख आणि तपासी अंमलदाराचं नाव लिहून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तक्रार घेतच नसतील तर वाद न घालता दोन प्रतींत लेखी अर्ज द्या आणि एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्काही नाकारला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा. गुन्ह्याची बाब असेल तर त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका करता येते, पण तिचा गाभा बेकायदा डांबून ठेवणं हा आहे. स्वतःहून गेलेल्या माणसाला ती परत आणत नाही. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९.

माणूस सापडलाच नाही तर पुढच्या मुदती लोक हमखास चुकीच्या मोजतात. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो मृत मानता येतो, पण ते आपोआप होत नाही. दिवाणी न्यायालयात जाऊन ठरवून घ्यावं लागतं, आणि तिथे पहिला कागद विचारतात तो पोलिसांची नोंद. बदनामी नको म्हणून तक्रारच न दिलेल्यांची इथे कोंडी होते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला निवृत्तिवेतनासाठी सात वर्षं थांबावं लागत नाही, सहा महिने पुरतात, पण ते पोलिसांत नोंद केल्यापासून मोजतात, माणूस गेला त्या दिवसापासून नव्हे. बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम एफआयआर, 'शोध लागला नाही' असा पोलिसांचा दाखला आणि हमीपत्रावर मिळू शकते. हा दाखला मिळवायला सगळ्यात जास्त खेटे पडतात, म्हणून लेखी मागा आणि पोच ठेवा. आणि विम्याचे हप्ते भरत राहा. माणूस गेला त्या दिवशीच तो वारला असं कायदा मानत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसीच्याच एका खटल्यात सांगितलं. हप्ते थांबले, पॉलिसी बंद पडली, की सात वर्षांनी हातात काही येत नाही.

माणूस परत आला तर त्याला घेऊन ठाण्यात जा आणि जबाब नोंदवून मिसिंग बंद करून घ्या. बरेच जण हे करत नाहीत, मग पुढे कधी प्रवासात किंवा पडताळणीत तोच माणूस 'बेपत्ता' निघतो आणि अडकतो. सज्ञान व्यक्ती सापडली आणि घरी यायला तयार नसेल, तर पोलीस तिचा जबाब घेऊन नोंद बंद करतील, पण पत्ता तुम्हाला देणार नाहीत. तेव्हा ठाण्यात आरडाओरडा करून काही मिळत नाही. ती सुखरूप आहे का, तिने निरोप दिला आहे का, एवढं विचारा. तुमचा नंबर तिच्यापर्यंत पोहोचवायची विनंती मात्र लेखी देता येते.