समुद्रावरची ‘तबकडी’ बहुधा शुक्रच

दादर चौपाटीवरून पश्चिमेला लाल-हिरवा लुकलुकणारा गोळा दिसतो, हळूहळू खाली येतो आणि पाण्यात शिरतो, म्हणजे ती उडती तबकडीच, हा मेसेज अधूनमधून फिरतो. बहुतेक वेळा तो शुक्र असतो. चंद्राखालोखाल रात्री तेजस्वी तोच. सूर्यास्तानंतर फार तर तीनेक तास दिसतो, मग मावळतो; ‘पाण्यात शिरणं’ ते हेच. संध्याकाळी दिसण्याचा त्याचा फेरा साधारण 584 दिवसांचा, तेव्हा मेसेजलाही पुन्हा पालवी फुटणारच!

रंगांचं म्हणाल तर, क्षितिजालगतचा प्रकाश हवेच्या जाड, हलत्या थरांतून येतो. त्यातले रंग कमी-जास्त वळतात, म्हणून क्षणात लाल, क्षणात हिरवं. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की स्थिर ठिपकाही सरकल्यासारखा वाटतो, त्यात पावसाळी ढग पळत असले की विचारूच नका.

जुहूला कधीकधी लाटा निळ्या चमकतात, ते मात्र पाण्यातलंच. नॉक्टिलुका नावाचे एकपेशीय जीव पाणी ढवळलं की उजळतात. रसायनं सोडल्याची अफवा तिथेही उठते.

शंका असेल तर दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळी बघा. शुक्र असेल तर जवळपास तिथेच सापडेल.