स्कॉटलंडची मासेमारी आणि ब्रसेल्सचा बागुलबुवा

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडेपर्यंत मासेमारीचा सारा कारभार संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सहून चाले, त्यामुळे स्कॉटलंडपाशी तो सांभाळणारी यंत्रणाच नव्हती, हा समज चुकीचा आहे. कॉड, हॅडॉक यांसारख्या माशांच्या एकूण पकडीची मर्यादा संघ ठरवत असे, हे खरे. परंतु बोटींना परवाने देणे, वाट्याला आलेला कोटा वाटणे, बंदरांत उतरणारी मासळी तपासणे आणि ‘जुरा’, ‘हिर्टा’ यांसारख्या गस्ती जहाजांनी समुद्रावर पाळत ठेवणे ही कामे, १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने मिळालेल्या अधिकारांत, एडिनबरोचे, म्हणजे स्कॉटलंडचे, सरकारच करत होते. खरी अडचण निराळी आहे, आणि तिची चर्चा मात्र क्वचितच होते: नॉर्वे किंवा युरोपीय संघाशी मासेमारीचे करार करण्याचा अधिकार ब्रिटनच्या २०२० च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानंतरही लंडनच्या केंद्र सरकारकडेच राहिला.