कॉलरवाला वाघ चोवीस तास दिसतो का?

मोहफुलांचा हंगाम आला की आमच्या भागात एक मेसेज हमखास फिरतो: 'कॉलर लावलेला वाघ क्षणोक्षणी मोबाईलवर दिसतो. जवळ आला तर खबर येतेच, बिनधास्त जा.'

हे खरं नाही, आणि यावर भिस्त ठेवणं जिवावर बेतू शकतं. कॉलर म्हणजे वाघाच्या गळ्यात बांधलेला, तो कुठे आहे ते कळवणारा पट्टा.

सगळा प्रश्न बॅटरीचा आहे. वाघाच्या गळ्यात चार्जर लावता येत नाही. बॅटरी बदलायची तर त्याला पुन्हा बेशुद्ध करावं लागतं. जड बॅटरीही चालत नाही, मान अवघडते. म्हणून कॉलर बहुतेक वेळ झोपलेली असते. ठरलेल्या वेळी जागी होते, किमान 4 उपग्रहांचे संकेत ऐकून जागा काढते आणि पुन्हा झोपते. ती जागा उपग्रहामार्फत कळवायलाही बॅटरी खर्च होतेच. दर मिनिटाला नोंद घेतली तर दिवसाला 1440 नोंदी होतील. दर 4 तासांनी घेतली तर फक्त 6. बॅटरी वर्षभर पुरवायची तर असा काही तासांच्या अंतराचाच हिशेब धरावा लागतो. त्या 4 तासांत वाघ नाल्यापलीकडून तुमच्या धुऱ्यावर सहज येतो. दाट झाडीत तर एखादी नोंद हुकतेही.

पडताळा घरीच घ्या. मोबाईलवर नकाशा तासभर चालू ठेवून किती टक्के बॅटरी उतरली ते लिहा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळात एकदाच उघडून बंद करा. फरक दिसेल.

आणि बहुतेक वाघांना कॉलर नसतेच. पहाटे एकट्यानं वाकून मोहफुलं वेचू नका. चार-पाच जण मिळून, बोलत जा.